कातडी आमची, प्रश्न कुणाचा?

संशोधन प्रयोगशाळेत सुरू होतं, ही थाप आहे. ते सुरू होतं टेबलाभोवती. कुठला प्रश्न घ्यायचा, कुठला फेकायचा, पैसा कशावर लावायचा, हे तिथं ठरतं. त्या टेबलाला खुर्च्या डॉक्टरांच्या, प्राध्यापकांच्या, कंपनीवाल्यांच्या. ज्याच्या कातडीत कॅन्सर आहे तो बाहेर बाकड्यावर, नंबराची वाट बघत.

कातडीच्या शास्त्राचा जुना हिशेब बघा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ डॉ. अल्बर्ट क्लिगमननं कैद्यांच्या अंगावर मलमं, रसायनं, डायॉक्सिनसुद्धा लावून बघितलं. कैदी बहुतेक काळे. चार डॉलरसाठी त्यांनी पाठी पुढं केल्या. शहरानं माफी मागितली कधी? २०२२ साली!

आता तसं होत नाही, सही घेतात, असं सांगतील. घेतात, मान्य. पण ती सही दुसऱ्यानंच ठरवलेल्या प्रश्नाखाली असते. होकार द्यायला पेशंट लागतो, प्रश्न विचारायला मात्र चालत नाही. हा कुठला न्याय?

आणि प्रश्न चुकीच्या हातात गेला की माणसं मरतात. बॉब मार्ले १९८१ साली ३६ व्या वर्षी गेला तो मेलॅनोमानं, म्हणजे कातडीच्या सगळ्यांत घातकी कॅन्सरनं. सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली. आधी वाटलं, फुटबॉल खेळताना लागलं असेल. काळ्या-सावळ्या माणसाला हा रोग होतो तेव्हा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली होतो. तिथं उन्हाचा फारसा संबंध नाही. पण जगभर बोर्ड लागले उन्हाचे आणि गोऱ्या पाठीवरच्या तिळाचे. आपला माणूस तळव्यावरच्या काळ्या डागाला कुरूप समजून ब्लेडनं तासत बसतो.

औषधांचंही तेच. गोऱ्यांच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्यांना बीआरएएफ नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. त्यावरची गोळी २०११ साली बाजारात आली. तळव्यावरच्या मेलॅनोमात तो बिघाड कमी जणांत असतो, म्हणून ती गोळी कमी जणांच्या कामाची. गोऱ्यांत हा रोग जास्त, हे खरंच. पण आपण संख्येनं कमी म्हणून आपला प्रश्नच नाही काय?

ब्रिटनमध्ये २००४ साली जेम्स लिंड अलायन्स उभी राहिली. तिची रीत साधी. रोगी, त्याची सेवा करणारे आणि उपचार करणारे एकत्र बसतात, प्रश्न गोळा करतात, त्यातले पहिले दहा निवडतात. औषध कंपन्यांना तिथं मत नाही. म्हणजे हे होऊ शकतं. पेशंटला काय कळतं म्हणणाऱ्यांचं तोंड तिथंच बंद होतं.

पण दोस्तांनो, एवढ्यानं हुरळू नका. रोगी म्हणून कोण बोलावला जातो? फावला वेळ असलेला, फाडफाड इंग्रजी बोलणारा, पांढरपेशा. ज्याचा खाडा पडला की चूल विझते, तो मीटिंगला येणार कसा? त्याची रोजी भरून द्या, त्याच्या भाषेत बोला, वस्तीत या. नाहीतर जुन्याच टेबलाला नवी खुर्ची लावल्यासारखं होईल.

आपल्याकडं अनवाणी राबणारा बोलू लागला तर काय विचारेल? डाग ओळखायला डॉक्टर नाही, तर दवाखान्यातल्या सिस्टरला शिकवता येईल का? बोट कापलं तर कामाला कधी उभा राहीन? जळाल्याचा जुना वण वर्षानुवर्षं चिघळतोय, त्यातही कॅन्सर होतो हे वेळेत कळायचं कसं? हे प्रश्न अडाणी नाहीत. ते विचारले गेले नाहीत म्हणून उत्तरं नाहीत.

पैसा सरकारी असेल तर तो आमच्याही घामाचा. कातडी तर आमचीच. मग प्रश्न ठरवताना आम्ही टेबलाला असणार. बोलावणं येवो न येवो!