ठासणीची बंदूक आणि तिची परीक्षा

वेळापूरच्या एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे आणि पीकसंरक्षणाचा परवानाही चालू आहे. उसांत रानडुकरें शिरूं लागल्यामुळें ती पुन्हां वापरांत आणावी असें घरांत निघालें आहे. थोरल्या बंधूंचें म्हणणें, दारू वाढवावी म्हणजे मार वाढेल. धाकट्यांचें म्हणणें, गोल गोळी सोडून लांबट गोळी घ्यावी. दोघांत खरें कोणाचें? प्रश्न एका घरचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडण्यासारखें आहे.

काडतुसाच्या बंदुकींत दारूचें वजन कारखान्यानें ठरविलेलें असतें. ठासणीच्या बंदुकींत दारू तोंडानें ओतावयाची, वर गोळी ठेवावयाची आणि गजानें ती तळापर्यंत दाबावयाची. म्हणजे प्रत्येक बाराचें माप चालविणाराच ठरवितो. परीक्षेची गरज आणि अपघाताचें भय हीं दोन्ही येथूनच उत्पन्न होतात.

काळ्या दारूचें प्रचलित प्रमाण शंभर भागांत शोरा 75, कोळसा 15 व गंधक 10 असें आहे. ती जळाल्यावर वजनानें निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें उरतो; कांहीं धुराबरोबर जातो, कांहीं नळींत काजळी होऊन बसतो. सोलापूरकडच्या कोरड्या उन्हांत ही काजळी कडक होते, आणि पहिली गोळी सहज उतरली तरी चौथी पांचवी उतरतांना गजावर जोर करावा लागतो.

या काजळीचा इतिहासाशींही संबंध आहे. 1857 सालीं काडतुसांवरील गाईच्या व डुकराच्या चरबीच्या संशयानें जो भडका उडाला तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु काडतुसाला स्निग्ध पदार्थ लावीत तरी कां, याचा विचार क्वचितच होतो. 1853 सालची एन्फील्ड रायफल ठासणीचीच होती. तिच्या नळीचा व्यास 0.577 इंच, गोळी 530 ग्रेनांची, म्हणजे सुमारें तीन तोळ्यांची, आणि दारू अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारें 68 ग्रेन. काजळलेल्या नळींतून गोळी उतरावी म्हणून तो पदार्थ लावीत. आरंभीं गोळीचा व्यास 0.568 इंच होता. ती नळींत अडकते असा अनुभव आल्यावर तो 0.550 इंचांवर आणला गेला. एका इंचाच्या अठरा सहस्रांशांचा हा फरक! गोळी व नळी यांचा मेळ किती सूक्ष्म असतो हें यावरून ध्यानांत येईल.

आतां धाकट्या बंधूंचें मत पाहूं. लांबट गोळी सरळ जाण्यास तिला स्वतःभोंवतीं फिरावें लागतें, आणि ती फिरत देतात ते नळीच्या आंतील पेचदार आटे. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें 1742 सालीं तोफविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टांगलेल्या लंबकावर गोळी मारून त्याच्या झोक्यावरून तिचा वेग काढण्याची युक्ति त्यानेंच लोकांपुढें मांडली, आणि आट्यांच्या नळीचे गुणही पुढें दाखवून दिले. हा गृहस्थ कंपनीच्या किल्ल्यांच्या कामीं हिंदुस्थानांत आला आणि 1751 सालीं कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारला. पुढें 1849 सालीं मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्यानें बुडाशीं पोकळ असलेली लांबट गोळी प्रचारांत आणली. बाराच्या दाबानें तिचें बूड फुगून आट्यांत घट्ट बसे. परंतु हें सर्व आट्यांच्या नळीचें. पीकसंरक्षणाच्या बंदुकीची नळी बहुधा गुळगुळीत असते. तींत लांबट गोळी हवेंत कोलांट्या खाईल. तेथें गोल गोळीच बरी.

थोरल्यांचें मत अधिक धोक्याचें आहे. दारू वाढविली म्हणजे वेग कांहींसा वाढतो, पण त्या प्रमाणांत नव्हे. धक्का वाढतो, काजळी वाढते आणि एका मर्यादेपलीकडे नेम बिघडतो. गंजानें आंतून खाल्लेल्या जुन्या नळीस हा दाब सोसेल याची शाश्वति काय? गोळी तळाशीं न टेकतां मध्येंच राहिली तरी नळी फुटूं शकते. आणि नव्या काडतुसांतील धूररहित दारू तर या बंदुकींत कदापि घालूं नये. तिचा दाब निराळाच.

म्हणून प्रथम परवानाधारक कारागिराकडून नळी तपासून घ्यावी. तो अयोग्य म्हणेल तर विषय संपला. योग्य म्हणेल तर जाणत्याच्या देखरेखीखालीं, मागें मातीचा उंच बंधारा असलेल्या अधिकृत मैदानावर परीक्षा करावी. शेताचा बांध हें परीक्षेचें मैदान नव्हे. कारागिरानें सांगितलेल्या अल्प मापापासून आरंभ करावा. एकाच मापाचे पांच बार एकाच अंतरावरून काढावे, प्रत्येक बारानंतर नळी पुसावी आणि पांच छिद्रें परस्परांपासून किती दूर पडलीं तें मोजून वहींत टिपावें. छिद्रें एकवटलेलीं पण मध्यापासून दूर असतील तर दोष नेमाचा. विखुरलेलीं असतील तर बहुधा माप, गोळी किंवा तिच्याभोंवतीचें फडकें यांत कांहीं बदललें पाहिजे. बदल एका वेळीं एकच करावा. दारू व गोळी दोन्ही एकदम बदललीं तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. एखादी गोळी मध्यभागीं लागली म्हणून हुरळून जाऊं नये. तो योगायोगही असेल.

शेवटीं कायद्याचें. 1959 च्या शस्त्र अधिनियमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. तथापि परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळें रानडुकर मारण्यासही वनखात्याची परवानगी लागते. काळविटाची तर गोष्टच बोलावयास नको. लग्नवरातींत हौसेनें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घालणें 2019 च्या दुरुस्तीनें दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र ठरलें आहे.

तेव्हां आमच्या वेळापूरच्या वाचकांस सांगणें एवढेंच कीं, दोघां बंधूंचा वाद मिटविण्याचें काम मतांकडे न देतां वहीकडे द्यावें. आणि नळी निकामी ठरली तर रीतसर पोलिसांत कळवून ती बंद करून घ्यावी. आजोबांची आठवण राखावयाची तर त्यांचा नातू धडधाकट असणें अधिक महत्त्वाचें आहे.