शेंदूर यंत्राला, ठोकळ्याला नव्हे

खंडेनवमीस ठाण्याच्या वागळे इस्टेटीत वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत फेरी मारावी: यंत्रांना झेंडूच्या माळा, हातोड्यांना हळदकुंकू, प्रेसच्या पायथ्याशी नारळ. आम्हांस हे दृश्य प्रिय आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ब्रह्मणस्पतीस भाता फुंकणाऱ्या कर्माराची, म्हणजे लोहाराची, उपमा दिली आहे. ज्या धंद्याची उपमा देवाला शोभली, त्याने आपल्या अवजारांपुढे हात जोडावेत हे यथायोग्यच होय.

परंतु एका बाबतीत स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. भक्तीच्या भरात भट्टीत जाणाऱ्या ठोकळ्यालाही शेंदराचे बोट लावण्याचा मोह होतो. ठोकळा निकेलच्या मिश्रधातूचा असेल तर तो मोह आवरावा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाची भस्मे; हिंगुळात पारा व गंधक. शिसे आणि गंधक हे तापल्या निकेलचे वैरी. निकेल व गंधक यांचे मिश्रण साडेसहाशे अंशांच्या आतच वितळते, धातूच्या कणांमधील सांध्यांत शिरते, आणि घाव बसताच तेथे चीर जाते. तेलाचा हात, खुणेचा रंग, गंधकयुक्त इंधन, सारेच वर्ज्य.

हा धातू मुळातच हट्टी. १९४० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडात व्हिटल यांच्या जेट इंजिनासाठी निमोनिक निघाला. आपल्याकडे १९७३ साली स्थापन झालेली हैदराबादची मिधानी असे धातू तयार करते. लाल तापूनही बळ न सोडणे हा इंजिनातला गुण, तोच ऐरणीवर अडथळा. ‘७१८’ नावाचा प्रसिद्ध मिश्रधातू साधारण ९८० ते ११२० अंशांच्या आत घडवावा लागतो. अधिक तापला तर कण वाढतात, निवला तर तडकतो. म्हणून थोडे दाब देऊन पुन्हा भट्टीत. त्यातून टर्बाईनची चकती होते. ती मिनिटास हजारो फेरे फिरते. फुटली तर इंजिनाचे कवच भेदून जाते, आणि विमानात माणसे बसलेली असतात.

कुणी म्हणेल, शास्त्र काय सांगते? पूजा आयुधांची आहे. ठोकळा हे आयुध नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या द्रव्यशुद्धिप्रकरणात तांबे, कथील, शिसे यांची शुद्धी क्षार, आम्ल व पाणी यांनी सांगितली आहे. भट्टीपूर्वी ठोकळा धुणारा कारागीर त्याहून निराळे काय करतो?

तेव्हा शेंदूर प्रेसच्या खांबाला लावावा, आरतीचे तबक ठोकळ्यांपासून दूर ठेवावे, आणि ठोकळा हाताळणाऱ्याने हात धुऊन यावे. वडीलधारे कुणी रागावलेच, तर खुशाल आमचे नाव सांगावे.