दोष चौकटींचा नाही

खरेदीचे धोरण ठरवताना स्वॉट विश्लेषणाचा आता काही उपयोग उरलेला नाही, असे मत उद्योगक्षेत्रात बऱ्याच जणांचे झाले आहे. बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके अशा चार चौकटी आखायच्या, त्यांत दहा-बारा वाक्ये भरायची, वार्षिक बैठकीत ती दाखवायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भावाची घासाघीस सुरू करायची, हा अनुभव या मतामागे आहे. अनुभव खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत कारखान्याची लाइन थांबल्यावर मोजावी लागते. म्हणून त्याचा प्रतिवाद केला पाहिजे.

आधी विरोधकांचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रुक या अभ्यासकांनी १९९७ मध्ये ‘लाँग रेंज प्लॅनिंग’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. सदोष माल कंपनी बाजारातून परत मागवते तसे स्वॉटही आता परत मागवावे, असे त्याचे शीर्षकच सुचवत होते. ब्रिटनमधल्या वीस उत्पादक कंपन्यांनी केलेली विश्लेषणे त्यांनी तपासली. याद्या लांबलचक, शब्द ढोबळ, कशाला किती वजन द्यायचे याचा निर्णय नाही, विधानांची पडताळणी नाही. आणि पुढे धोरण आखताना त्या याद्यांकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते. हे सगळे मला मान्य आहे. पण यातला प्रत्येक दोष यादी करणाऱ्यांचा आहे, आणि खरेदी विभागात तो दूर करता येतो. ‘आमची प्रतिमा चांगली आहे’ हे विधान मोजायला मोजपट्टी नसते. खरेदीतल्या विधानामागे मात्र कागद असतो: पीओ, चलन, आलेल्या मालाच्या तपासणीचा अहवाल, रिजेक्शनची नोंद, बिलाची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख. ‘पुरवठादारांशी आमचे संबंध उत्तम आहेत’ असे बलस्थानांच्या चौकटीत लिहायचे असेल, तर गेल्या वर्षी किती बिले मुदतीत चुकती झाली तो आकडा शेजारी लिहावा. आकडा लिहिता येत नसेल तर ते वाक्य खोडावे. एवढी एक शिस्त पाळली तरी यादी निम्म्यावर येते.

दुसरा आक्षेप असा की पीटर क्राल्जिक यांची मांडणी असताना स्वॉट कशाला हवे? क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये खरेदीच्या वस्तूंची वर्गवारी मांडली. वस्तूचा नफ्यावर होणारा परिणाम एका अक्षावर आणि तिच्या पुरवठ्यातली जोखीम दुसऱ्या अक्षावर. मांडणी मोलाची आहे आणि ती वापरलीच पाहिजे. पण तिचा रोख मुख्यतः वस्तूवर असतो. एकच कास्टिंग दोन कंपन्या एकाच फाउंड्रीतून घेत असतील, तर वर्गवारीत ते दोघींकडेही एकाच खान्यात पडेल. तरीही टंचाईच्या दिवसांत एकीचा माल निघतो आणि दुसरीचा अडकतो. असे का होते, याचे उत्तर त्या कंपन्यांच्या स्वतःच्या बळात आणि उणिवांत असते. ते शोधायला स्वॉट लागते.

याचे स्पष्ट उदाहरण २००० सालचे आहे. १७ मार्चला अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की येथील फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज कोसळून छोटी आग लागली. आग लवकर विझली, पण धूर आणि पाण्याने अतिस्वच्छ खोल्या नासल्या. नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्या त्या कारखान्याच्या मोठ्या ग्राहक होत्या. नोकियाने पुरवठ्यावर रोजची नजर ठेवली, वरिष्ठांना लगेच कामाला लावले आणि इतरत्र उत्पादन मिळवले. एरिक्सनकडे काही चिपांसाठी दुसरा स्रोतच नव्हता आणि हालचालही उशिरा झाली. तिला सुमारे चाळीस कोटी डॉलरचा फटका बसला. वस्तू तीच होती, पुरवठादार तोच होता, धोकाही तोच होता.

तिसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: खरे धोके आधी दिसतच नाहीत, मग धोक्यांची चौकट भरून काय साधणार? ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून बनणारी मॅग्नेट यांची निर्यात परवान्याच्या कक्षेत आणली. त्या उन्हाळ्यात जगभरच्या वाहन कंपन्यांची धावपळ झाली. पुण्याच्या बजाज ऑटोलाही ‘चेतक’ या विजेवरच्या स्कूटरचे उत्पादन घटवावे लागले. हे अचानक घडले, असे म्हटले गेले. ते खरे नाही. २०१० मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात चीनमधून जपानला होणारा याच पदार्थांचा पुरवठा अडला होता. त्यानंतर जपानने हा धोका उणिवेशी जोडून पाहिला. २०११ मध्ये जोगमेक ही सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनस या खाण कंपनीत पैसा घातला. चीनवरचे अवलंबन संपले नाही, पण बरेच कमी झाले. आपल्याकडे ही माहिती पंधरा वर्षे सर्वांसमोर पडून होती. ‘मोटरच्या मॅग्नेटसाठी एकच देश’ हे वाक्य उणिवांच्या चौकटीत लिहून, त्याखाली दुसऱ्या रचनेच्या मोटरची चाचणी कोण आणि कधीपर्यंत करणार हे नोंदवायला कोणाचीही आडकाठी नव्हती.

चौथा आक्षेप खरेदी विभागातूनच येतो: आमचे काम स्वस्त माल आणणे, बाकी धोरण वरच्यांनी पाहावे. वाहन उद्योगात विक्रीच्या शंभर रुपयांपैकी निम्म्याहून बरेच जास्त मालावर जातात. त्यामुळे भावातली दोन टक्के सूट नफ्यात ठळक दिसते, हे मान्य. पण ती सूट मिळवण्यासाठी नव्वद दिवसांनी पैसे देणे, वर्षातून दोनदा दर खाली आणायला लावणे, एल-वन बदलत राहणे, हे सगळे अनेक कंपन्या आपले बळ समजतात. पुरवठादाराच्या टेबलावरून पाहा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत पिग आयर्न कमी पडले की कोणाचा साचा आधी भरायचा, हे मालक ठरवतो. वेळेवर पैसे देणाऱ्याचा तो आधी भरतो. उशिरा पैसे देणे ही त्या कंपनीची उणीवच असते, आणि कायद्यानेही तिला तसेच ठरवले आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीनंतरही थकलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत, प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा. संपूर्ण खरेदी विभागाचे एकच स्वॉट करू नये. त्यातून मोघम वाक्यांपलीकडे काही निघत नाही. कास्टिंगचे वेगळे करावे, बेअरिंगचे वेगळे, रसायनांचे वेगळे. हाइन्झ वाइरिक यांनी १९८२ मध्येच सुचवले होते की चौकटी सुट्या ठेवू नयेत, त्यांच्या जोड्या लावाव्यात. कोणते बळ कोणत्या धोक्याला तोंड देईल, कोणत्या उणिवेमुळे कोणती संधी हातची जाईल, हे प्रश्न विचारल्यावरच यादीतून निर्णय निघतो. निर्णयाला नाव आणि तारीख लागते. आणि बैठकीत खरेदीची माणसे एकटी बसू नयेत. डिझाइन, उत्पादन आणि लेखा विभाग हवेत, कारण पर्यायी भाग मंजूर करणे डिझाइनच्या हातात असते आणि बिले चुकती करणे लेखा विभागाच्या.

ज्या एका वस्तूवाचून तुमची लाइन थांबेल, तिच्यापासून या वर्षी सुरुवात करा. उणिवांची चौकट तिच्या पुरवठादाराला भरायला द्या. त्याचे बिल थकले असेल, तर तो कागद हातात देण्याआधी ते चुकते करा.