एका ‘एल्क’चीं तीन जनावरें

परभाषेंतील नांवाला शास्त्राचा मान आणि घरच्या नांवाला गांवढळपणाचा डाग, हा आमच्या सुशिक्षितांचा न्याय आम्हांस मान्य नाहीं. ‘एल्क’ म्हणजे युरोपांत मूस, अमेरिकेंत वापिती. आणि सिलोनांत सॅम्युएल बेकरसारख्या शिकाऱ्यांनीं तेंच नांव आपल्या सांबराला चिकटविलें. एक शब्द, तीन जनावरें! उलट शहापूर-मुरबाडकडील रानाचा जाणता ठाकर वा कातकरी सांबर, भेकर आणि पिसोरी यांस एका दावणीस बांधीत नाहीं. पिसोरीच्या नरालाहि शिंगें नसतात, ती खऱ्या हरणांच्या कुळांतली नव्हे, असें प्राणिशास्त्रहि सांगतें. आमचे लेखक मात्र तिहींना ‘हरीण’ म्हणून मोकळे होतात.

शिंगांची लांबी मोजून ‘हें अमुक प्रांताचें सांबर’ असें ठासून सांगणारे तर त्यांच्याहि वरचढ. सांबराचीं शिंगें गळतात, पुन्हां उगवतात. वय आणि चारा यांप्रमाणें त्यांची वाढ कमीअधिक होते. त्या फूटपट्टीवर उपजाति कशी ठरावी?

कायद्यानें सांबराची शिकार बंद झाली, हें योग्यच झालें. पण खुरांच्या ठशावरून भेकर कीं सांबर हें सांगणाऱ्या माणसास केवळ संशयित समजणें योग्य नव्हे. प्राणिगणनेच्या वहींत त्याचा शब्द आधीं लिहावा, पुस्तकी नांव मागाहून.