‘स्टेम सेल’ म्हणजे सगळं एकच नव्हे



‘स्टेम सेल म्हणजे पाप’ हे वाक्य सध्या आमच्या मंडळीत सहज बोललं जातंय. त्यामुळे थॅलेसेमिया झालेल्या एका मुलाच्या घरचे भावाचा बोनमॅरो घ्यावा की नाही, या पेचात पडले आहेत. म्हणून हे पत्र. मी जीवशास्त्र शिकवत असे. आधी माहिती सांगते, मग मत.

खरा वाद आहे तो गर्भातून घेतलेल्या पेशींवर. पाच-सहा दिवसांचा मानवी गर्भ पोकळ चेंडूसारखा असतो आणि आत पेशींचा लहानसा पुंजका असतो. शरीरातली कोणतीही पेशी त्यातून घडू शकते. मात्र हा पुंजका काढला की गर्भ उरत नाही. या पेशी बशीत, आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशींच्या थरावर वाढवतात. पोषक द्रव बहुधा रोज बदलतात आणि दर काही दिवसांनी, रोपं विरळ करून लावावीत तशा, नव्या बशीत हलवतात. हेळसांड झाली तर कुणी चेतापेशी, कुणी स्नायू असं होऊन बसतं. नीट सांभाळल्या तर त्या वर्षानुवर्षं वाढतात. उंदराच्या गर्भातून हे १९८१ मध्ये इव्हान्स व कॉफमन यांना आणि त्याच वर्षी गेल मार्टिन यांना साधलं. मानवी गर्भातून १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांना. थॉमसन यांचे गर्भ आयव्हीएफ उपचारांसाठी तयार झालेले व जोडप्यांनी संमतीने दिलेले होते.

तरीही मानवी गर्भ मोडणं मला मान्य नाही. ‘नाहीतरी टाकूनच देणार होते’ हे उत्तर मला पुरत नाही. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकं घालून तशाच बनवल्या. यात गर्भ लागत नाही. पण ती जनुकं शोधायला गर्भपेशींवरचंच ज्ञान कामी आलं, हेही खरं. तेव्हा विरोध करणाऱ्यांनी फार ताठ्याने बोलू नये.

आता त्या मुलाचं. भावाच्या बोनमॅरोत गर्भाचा काही संबंध नाही. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते. जुळला तर तो नाकारायचा कशासाठी? व्हॅटिकननेही २००८ च्या ‘डिग्निटास पर्सोने’त प्रौढांच्या आणि जन्मावेळच्या नाळेतल्या रक्ताच्या पेशी घ्यायला हरकत घेतलेली नाही.

उलट सावध राहायचं ते जाहिरातींपासून. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचण्यांतच वापरता येतात. गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सगळं बरं करतो म्हणणाऱ्यांसाठी दागिने मोडू नका.

पाळकांना आणि फादरना नम्र विनंती : वेदीवरून बोलण्याआधी एवढंच विचारा, पेशी कुणाच्या आणि कुठून घेतल्या? आपल्या अर्धवट वाक्यापायी एखाद्या लेकराचा उपचार थांबायला नको.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव