सहावीचे पाढे कोणी शिकवायचे?

‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या निकालानुसार देशातल्या सहावीच्या अवघ्या ५३ टक्के मुलांना दहापर्यंतचे पाढे येतात. साधा अपूर्णांक मांडता येणारी मुले २९ टक्के. गणिताची सरासरी तिसरीत ६०, सहावीत ४६ आणि नववीत ३७ टक्के. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेली ही चाचणी ७८१ जिल्ह्यांतल्या ७४,२२९ शाळांमधल्या २१ लाखांहून अधिक मुलांनी दिली. सरकारी, अनुदानित, खासगी अशा सगळ्या शाळा तीत होत्या. त्यामुळे ‘जिल्हा परिषदेच्या शाळा, दुसरे काय होणार’ म्हणून इंग्रजी माध्यमवाल्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. निकाल हाती येताच आपले राज्य कितवे, आपला जिल्हा कितवा, याची मोजदाद सुरू झाली. ज्या निम्म्या मुलांना पाढे येत नाहीत त्यांना ते आता कोण शिकवणार, हे विचारावेसे कोणाला वाटले नाही. विचारले असते तरी उत्तर अडचणीचेच आले असते. सहावीतल्या मुलाला पाढे शिकवणे हे आपल्या शिक्षणव्यवस्थेत कोणाचेच काम नाही.

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी अशी विभागणी केली आणि वरच्या गटासाठी विषयशिक्षक ठरवले. सहावीचा गणिताचा शिक्षक मुलांना पाढे येतात असे गृहीत धरूनच वर्गात शिरतो, कारण पुस्तकही तेच गृहीत धरते. लसावि-मसावि, अपूर्णांकांवरील क्रिया, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, बँक आणि सरळव्याज हे सगळे एका वर्षात संपवायचे असते. सात अष्टमांश अधिक पाच षष्ठांश हे साधे उदाहरण घ्या. छेद समान करण्यासाठी आठ त्रिक चोवीस आणि सहा चोक चोवीस हे आठवावे लागते. मग अंशांसाठी सात त्रिक एकवीस आणि पाच चोक वीस. चार पाढ्यांतली चार घरे तोंडपाठ असली तर उदाहरण दोन मिनिटांत सुटते. नसली तर मुलगा समासात आठ-आठ रेघा ओढून मोजत बसतो, एखादी रेघ जास्त पडते, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तोवर फळ्यावर तिसरे उदाहरण आलेले असते. त्या मुलाला अपूर्णांक समजत नाही असा शेरा शिक्षक मारतो. खरे तर तो अपूर्णांकापर्यंत पोहोचलेलाच नसतो.

यावर लगेच पावकी-निमकी-पाऊणकीच्या आठवणी काढणारे पुढे येतील. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्या काळच्या शाळेत गावातली निम्मी मुले आणि बहुतेक मुली नव्हत्याच. आज जवळजवळ सगळी मुले शाळेत आहेत, ही मिळकत लहान नाही. त्यांना तिथे बसवून ठेवले जाते, शिकवले जात नाही, तक्रार ती आहे.

सरकारी योजनांची यादी पाहिली की हे बेवारसपण स्पष्ट दिसते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चे लक्ष्य तिसरीच्या अखेरीस वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्याचे. मार्च २०२५ चा ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम दुसरी ते पाचवीसाठी. दोन्ही योग्यच आहेत. पण तिसरीत राहून गेले ते पाचवीतही राहिले, असे मूल जूनमध्ये सहावीत येते त्या दिवशी त्याच्यासाठीची शेवटची योजना संपलेली असते. करोनाकाळात ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ निघाला. तो मागच्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर बेतलेला होता. मूल तीन इयत्ता मागे असेल तर त्या सेतूचे दुसरे टोक त्याच्या पायापर्यंत येतच नव्हते. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. त्याआधीच्या वर्षी १४ ते १८ वयोगटात हेच प्रमाण ४३.३ टक्के होते. आठवीपर्यंत भागाकार आला नाही तर पुढेही तो येत नाही, एवढे यावरून उघड आहे.

उपाय म्हणून राज्याने काय केले? आणखी चाचण्या घेतल्या. जागतिक बँकेच्या पैशावरच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन आले. पायाभूत चाचणी, संकलित एक, संकलित दोन. विषय तीन : प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका राज्यभर छापून पोहोचवायच्या, शिक्षकांनी तपासायच्या, मग प्रत्येक मुलाचे गुण ‘चॅटबॉट’वर भरायचे. ते भरण्याची मुदत पाळली की शाळेचे कर्तव्य संपले. गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जातात, आलेख तयार होतात, आढावा बैठकीत भिंतीवर झळकतात. तिथून शाळेत परत काय येते? ‘भरणा शंभर टक्के करावा’ असा संदेश. सहाच्या पाढ्यावर अडलेल्या मुलासाठी तास येत नाही आणि माणूस तर मुळीच येत नाही. वजनकाट्यावर रोज उभे केल्याने अंगी मांस चढत नाही, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागू नये.

दुसरा उपाय नापास करण्याचा. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तीतही न जमल्यास त्याच वर्गात, असा नियम महाराष्ट्राने २०२३ मध्ये केला. केंद्राने आपल्या शाळांसाठी तो डिसेंबर २०२४ मध्ये लागू केला. परीक्षेच्या धाकाने काही मुले अभ्यासाला लागतील, हे मान्य. पण ज्याला तिसरीचे येत नाही त्याला आठवीत पुन्हा बसवले तर त्याच्यासमोर पुन्हा आठवीचेच पुस्तक येणार. ढकलपासाने जे साधले नाही ते नापासानेही साधणार नाही, कारण दोन्हीत शिकवण्याचा भाग गायब आहे.

मोजमापाबद्दल तरी हे सरकार आणि आधीची सरकारे गंभीर आहेत काय? २००९ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणी-मालिकेत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ७४ सहभागी प्रदेशांत तळाशी गेले, तेव्हा देशाने पुढच्या फेऱ्यांतून अंगच काढून घेतले. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये तिसरी, पाचवी, आठवीचे झाले. ‘परख’ने वर्ग बदलून तिसरी, सहावी, नववी केले. बदलामागे नव्या धोरणाचे टप्पे असतील, पण आठवीची जुनी तुलना त्याबरोबर संपली, हेही तितकेच खरे.

आणि या आकड्यांवर शिक्षकांची बढती, शाळांची बक्षिसे टांगण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी अमेरिकेतल्या अटलांटाकडे पाहावे. तिथे गुणवाढीवर बक्षिसे आणि गुण घटले तर नोकरीवर गदा, अशी व्यवस्था होती. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे निघाली. मुलांची चुकीची उत्तरे खोडून बरोबर भरण्याचे काम शाळेतच चालले होते, त्यात मिडल स्कूलही होती. २०१५ मध्ये अकरा जण संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली दोषी ठरले. आपल्याकडे ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात शाळाच्या शाळा शंभर टक्के ‘प्रगत’ जाहीर झाल्या. ती सारी मुले खरोखर प्रगत झाली असती, तर आज पाढ्यांवर अग्रलेख लिहावा लागला नसता.

शिकवायचे तर शिक्षक हवा. इथे तर उलटाच कारभार. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातल्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांनी नेमके सहावी ते आठवीचे कमी पटाचे वर्ग अडचणीत आणले, विषयशिक्षकांच्या पदांवर टाच आली आणि शिक्षक संघटनांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. एकीकडे सहावीच्या गणिताचे सर्वेक्षण करायचे आणि दुसरीकडे सहावीचा गणिताचा शिक्षक काढायचा, याला धोरण म्हणत नाहीत.

काय चालते हे ठाऊक नाही, अशी सबबही उरलेली नाही. इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे त्यांच्या पातळीनुसार गट करायचे आणि रोज ठरलेला वेळ फक्त वाचन-गणिताला द्यायचा, ही ‘प्रथम’ संस्थेची पद्धत मुंबईच्या वस्त्यांतून वाढली. हरियाणातल्या सरकारी शिक्षकांनी शाळेच्या वेळेत ती वापरली तेव्हा मुलांचे वाचन सुधारले. तो प्रयोग प्राथमिकच्या मुलांवरचा होता. सहावी-आठवीला तो लावायचा तर वेळापत्रकात रोज एक तास मोकळा करावा लागेल आणि त्या तासापुरते पुस्तक मिटावे लागेल. ‘अभ्यासक्रम कधी पूर्ण करणार’ असे त्या शिक्षकाला केंद्रप्रमुखाने विचारायचे नाही, हे लेखी द्यावे लागेल. शालेय शिक्षण विभागाने दोनपैकी एक संकलित चाचणी रद्द करावी, तिचा खर्च आणि दिवस या तासाला द्यावेत आणि ‘निपुण महाराष्ट्र’च्या पुढच्या शासन निर्णयात ‘दुसरी ते पाचवी’च्या जागी ‘दुसरी ते आठवी’ असे लिहावे.