तारेचा एवढासा तुकडा

परवा नातवाच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन पाहून आलो. एका प्रकल्पाचा दिवा काही केल्या लागेना. मी त्या मुलाला विचारलं, "बाळ, कुठे अडलंय?" तो म्हणाला, "माहीत नाही आजोबा, तयार आणलंय." शेजारी उभे असलेले वडील हसून म्हणाले, "हल्ली त्या तारा जोडत बसायला वेळ कुणाला आहे?"

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. अहो, मुलाला वेळ नाही तर मग आहे कुणाला?

मी मराठी माध्यमातला बी.ए. सगळी नोकरी व्याकरण शिकवण्यात गेली. सोल्डरिंग शिकलो ते निवृत्तीनंतर, नातवाबरोबर. स्ट्रिपबोर्डच्या पाठीवर तांब्याच्या समांतर पट्ट्या असतात आणि दर २.५४ मिलिमीटरवर एक भोक. एका पट्टीवर जे बसेल ते आपोआप जोडलं जातं. जोड नको असेल तिथे ड्रिलच्या टोकाने पट्टी तोडायची, हवा असेल तिथे एका पट्टीवरून दुसरीवर तारेचा तुकडा टाकायचा. तोडलेली पट्टी म्हणजे पूर्णविराम आणि तार म्हणजे उभयान्वयी अव्यय! एवढं कळलं आणि माझी भीती गेली.

तार कल्हई केलेली, तांब्याची. दोन्ही टोकं पकडीत धरून जरा ताणली की छान सरळ होते. भोकं मोजून टोकं काटकोनात वाकवायची, तार बोर्डाला चिकटून बसवायची. या तारा सर्वांत आधी, उंच भाग नंतर. रेझिस्टरचे कापून उरलेले पायसुद्धा चालतात. म्हणजे खर्च जवळजवळ शून्य.

आमचं पहिलं सर्किट ५५५ टायमरचं. दिवा लुकलुकेना. नातू रडवेला झाला. मग आकृतीवर पेन्सिलने एकेक जोड तपासत बसलो. तासाभराने तोच ओरडला, "आजोबा, दोन आणि सहा नंबरचे पाय जोडलेच नाहीत!" त्या तासात तो जे शिकला ते कुठल्या तयार संचात मिळतं?

कुणी म्हणेल, ब्रेडबोर्ड आहे की! आहे, आणि जुळणी करून बघायला उत्तमच आहे. पण धक्का लागला की तारा सैल होतात. कुणी म्हणेल, चटका बसेल. मग शेजारी बसा ना! तेवढा वेळही नसेल तर प्रश्न मुलाचा नाही, आपला आहे.

दुसऱ्याला बोलतोय, पण मीही निर्दोष नाही. नोकरीत असताना एकदा परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलाच्या बोर्डावर वाकड्यातिकड्या तारा होत्या, पण दिवा लागत होता. मी पहिला नंबर दिला तो शेजारच्या चकचकीत, विकत आणलेल्या प्रकल्पाला. त्या मुलाचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

म्हणून परीक्षकांना एकच विनंती. चकाकी बघू नका. बोर्डावरच्या एका तारेवर बोट ठेवा आणि विचारा, "ही काढली तर काय होईल?" ज्याला सांगता येईल, नंबर त्याचा.

असो. बघा पटतंय का.